तरंगत्या गावात दुखणे लपवू नका

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे आई-वडील पाच-सहा महिन्यांसाठी गेले की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी तयारच असते. नायगारा झाला, न्यूयॉर्क झाले, की अलीकडे त्या यादीत कॅरिबियन क्रूझचे नाव हमखास येते. त्याला कारणही आहे. आजोबांना रोज सामान बांधून नवे हॉटेल गाठावे लागत नाही. आजीला स्वयंपाकघरात जावे लागत नाही. नातवंडांना पोहण्याचे तलाव आणि घसरगुंड्या मिळतात. मावशी, आत्या, चुलतभावंडे अशी पंधरा-वीस माणसे चार-पाच शहरांतून येऊन एका ठिकाणी सात दिवस राहू शकतात. फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरल बंदरातून जहाज निघते. ते बहामाजमधले नासाऊ, मेक्सिकोचे कोझुमेल, जमैका, सेंट मार्टिन अशी ठिकाणे दाखवून परत येते.

अशा सहलीचे नियोजन करताना विमानाची तिकिटे, खोल्या आणि किनाऱ्यावरच्या फेरफटक्यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. प्रकृतीचा विषय मात्र 'औषधे घेतलीत ना?' या एका प्रश्नावर संपतो. खरी अडचण तिथेच आहे. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे जुनी सवय. त्यात 'सगळ्यांची सहल माझ्यामुळे बिघडायला नको' हा विचार आला की घरातली वडीलधारी माणसे छातीतली जळजळ, चक्कर, जुलाब यांपैकी काहीच सांगत नाहीत. घरी असताना ही सवय एकवेळ निभावते. समुद्रात, हजारो माणसांच्या शेजारात आणि मोठ्या रुग्णालयापासून कित्येक तासांच्या अंतरावर, तीच सवय महागात पडू शकते.

जहाज की गाव?

आजचे मोठे क्रूझ जहाज केवढे असते याची कल्पना आधी करून घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. त्याला वीस मजले आहेत. पूर्ण भरले तर त्यात ७,६०० प्रवासी मावतात आणि त्यांच्या सेवेला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे दहा हजारांच्या आसपास वस्ती झाली. जहाजाचे 'ग्रॉस टनेज' सुमारे २ लाख ४८ हजार आहे. हा आकडा वजनाचा नसून जहाजाच्या आतल्या एकूण बंदिस्त जागेचा असतो. या मापाने हे जहाज टायटॅनिकच्या पाचपटींहून मोठे भरते.

या वस्तीचे पाणीही तिथेच तयार होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी सूक्ष्म पडद्यातून दाबाने ढकलून, म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिसने, किंवा इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून कमी दाबाखाली वाफ करून गोडे केले जाते. मग त्यात क्लोरिन मिसळतात. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवरचे नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. घरून बाटल्यांची खोकी वाहून नेण्याची गरज नाही.

गावात आणि जहाजात फरक मात्र आहे. गावातली माणसे संध्याकाळी आपापल्या घरी जातात. इथे सगळे त्याच जिन्याचे कठडे धरतात, त्याच लिफ्टची बटणे दाबतात आणि त्याच बुफेतला डाव हातात घेतात. एखाद्या संसर्गाला पसरायला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

उलटी-जुलाबांचा पाहुणा

क्रूझवरच्या आजारांत सर्वाधिक बदनाम आहे तो नोरोव्हायरस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ मध्ये उलट्यांची साथ आली होती. त्या साथीतल्या नमुन्यात १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला आणि गावाच्या नावावरून त्याला नाव मिळाले. संसर्गानंतर साधारण १२ ते ४८ तासांत एकाएकी उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, कधी ताप असा त्रास सुरू होतो. तरुण माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. लहान मूल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले आजोबा यांच्या शरीरातले पाणी आणि क्षार तेवढ्या वेळात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

हा विषाणू चिवट असतो. शंभरांहून कमी कणही आजारासाठी पुरतात. दाराची मूठ, टेबल, लिफ्टचे बटण यांवर तो कित्येक दिवस तग धरतो. उलटी होते तेव्हा त्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडून आसपासच्या वस्तूंवर बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. करोनाच्या काळात हातावर दोन थेंब चोळण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली. इथे तिच्यावर विसंबता येत नाही. साबण आणि वाहते पाणी घेऊन किमान वीस सेकंद हात चोळून धुणे, हाच उपाय. शौचानंतर आणि प्रत्येक जेवणाआधी सगळ्यांनी, अगदी घाईत असलेल्या नातवंडांनीही, तो करायचा.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. नोरोव्हायरसच्या नोंदल्या जाणाऱ्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी जेमतेम एक टक्का असतात. वृद्धाश्रम, रुग्णालये, शाळा, उपाहारगृहे इथे त्या कितीतरी अधिक होतात. जहाजांचे नाव जास्त ऐकू येते, कारण तिथे मोजदाद कडक आहे. अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था १९७० च्या दशकापासून जहाजांच्या स्वच्छतेवर देखरेख करते. तिचे तपासनीस न सांगता येतात, स्वयंपाकघरापासून तलावांपर्यंत सगळे पाहतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. हे गुण कोणालाही पाहता येतात, तेव्हा जहाज ठरवण्याआधी जरूर पाहावेत. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी तीन टक्के जणांनी उलटी-जुलाबांची तक्रार नोंदवली की ती साथ म्हणून जाहीर होते. सात हजार प्रवाशांच्या जहाजावर हा आकडा २१० येतो.

'तक्रार नोंदवली' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. जहाजाच्या दवाखान्यात कळवले की रुग्णाला खोलीतच थांबायला सांगतात. लक्षणे थांबल्यानंतरही काही काळ बाहेर पडू देत नाहीत. पैसे भरून आलेल्या माणसाला हे नको असते. म्हणून आई-वडील मुलाची एखादी उलटी 'जास्त आइस्क्रीम खाल्ले' म्हणून सोडून देतात आणि संध्याकाळी त्याला बुफेत घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी त्याच गटातली आणखी चार माणसे आडवी होतात. त्यांत बहुधा आजी असते, कारण रात्री नातवाला जवळ घेऊन तीच बसलेली असते.

खोलीत कोणाला उलटी झाली तर टॉवेलने पुसून मोकळे होऊ नये. खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलवावे. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळे जंतुनाशक आणि ठरलेली पद्धत असते. रुग्णाला जलसंजीवनी घोट-घोट पाजत राहावी. तिची पाकिटे भारतातून निघतानाच सामानात टाकली तर उत्तम. लघवी कमी झाली, तोंड कोरडे पडले, ग्लानी आली किंवा जुलाबात रक्त दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

लपवण्याला मर्यादा असते, हे २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजाने दाखवले. त्यावरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना करोनाची बाधा झाली. तपासणीच्या वेळी त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना कोणतेही लक्षण नव्हते. लक्षण नसलेला माणूस इतरांना सावध करू शकत नाही. ज्याला लक्षण आहे त्याने तरी गप्प बसू नये, एवढे आपल्या हाती उरते.

डोके गरगरते तेव्हा

मळमळीला इंग्रजीत 'नॉशिया' म्हणतात. तो शब्द ग्रीक भाषेतल्या जहाजवाचक शब्दावरून आला आहे, यावरून हे दुखणे किती जुने आहे ते कळते. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि सूक्ष्म खड्यांचे दोन अवयव असतात. डोके कुठे वळते, शरीर वर जाते की खाली, हे ते मेंदूला सांगतात. जहाजाच्या आतल्या खोलीत डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, कान मात्र 'आपण हलतो आहोत' असे सांगतात. या विसंवादातून मळमळ, घाम, उलटी सुरू होते, असे शास्त्रज्ञ मानतात. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी संथ हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते, असे प्रयोगांत दिसले आहे.

मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. जहाज आडवे डोलू लागले की ते कोन बदलून त्याला सावरतात. त्यामुळे शांत समुद्रात बहुतेकांना काही जाणवत नाही. पुढे-मागे होणारे डोलणे मात्र या पंखांनी फारसे कमी होत नाही. झोपाळ्याच्या मधोमध बसलेल्याला झोका कमी लागतो, तसे जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी असतात. बस लागणारी माणसे गटात असतील तर त्यांची खोली तिथे घ्यावी, मग बाल्कनीचा मोह सोडावा लागला तरी चालेल. त्रास होऊ लागला तर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे, थोडे थोडे कोरडे खावे, पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवावा. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा अधिक होतो.

औषधांबाबत सावधगिरी हवी. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी तीन दिवस काम करते, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण तिने वृद्धांना गोंधळल्यासारखे होऊ शकते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या काही रुग्णांना ती घातक ठरते. मुलांना ती देत नाहीत. मळमळीच्या इतर गोळ्यांनीही झोप येते आणि रात्री उठताना तोल जातो. शेजारच्या खोलीतल्या काकूंची पट्टी आजोबांना लावणे, ही आपुलकी नको. निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून काय चालेल ते ठरवावे.

परत आल्यावर एक-दोन दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते. बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप थांबते.

जहाजावरचा दवाखाना

मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात. ईसीजी, हृदयाला झटका देणारे डीफिब्रिलेटर, एक्स-रे, रक्ताच्या काही तपासण्या, शिरेतून सलाइन आणि औषधे, हृदयविकाराच्या झटक्यावर सुरुवातीचे उपचार एवढी सोय बहुधा असते. अँजिओप्लास्टी, मेंदूचे स्कॅन, मोठी शस्त्रक्रिया किंवा रक्तपेढी यांची अपेक्षा तिथे करू नये. रुग्ण स्थिर ठेवायचा आणि जमेल तितक्या लवकर किनाऱ्यावर पोहोचवायचा, हे त्या दवाखान्याचे काम. हेलिकॉप्टरने नेणे हा शेवटचा मार्ग असतो. त्याच्या पल्ल्याला मर्यादा आहे, शिवाय वारा, लाटा आणि काळोख यांवर सगळे अवलंबून राहते. पुढचे बंदर छोट्या बेटाचे असेल तर तिथल्या रुग्णालयाची सोयही बेटाएवढीच असू शकते.

म्हणून वेळ हा इथला सर्वांत मोठा उपचार आहे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, एकाएकी दम लागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही झाले तर दहा मिनिटांत दवाखान्याला फोन गेला पाहिजे. जहाज बंदरात असताना सकाळी सांगितलेले दुखणे आणि तेच जहाज खोल समुद्रात गेल्यावर मध्यरात्री सांगितलेले दुखणे यांत उपचारांचे जग बदलते. स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात हृदयविकार छातीत कळ न येताही, नुसता थकवा, मळमळ किंवा घाम या रूपाने येऊ शकतो. 'बोट लागली असेल' असे म्हणून आजीच्या मळमळीकडे पाहू नये, ते यासाठी.

न सांगण्यामागे खर्चाची धास्तीही असते आणि ती अगदीच खोटी नाही. दवाखान्याचे बिल खोलीच्या खात्यावर लागते आणि ते आधी भरून मग विमा कंपनीकडे मागायचे असते. अमेरिकेची मेडिकेअर योजना देशाबाहेरचा खर्च सहसा देत नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी घेतलेल्या पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार बऱ्याचदा वगळलेले असतात किंवा ठरावीक अटींवरच धरलेले असतात. जहाजावरचा उपचार, अमेरिकेबाहेरच्या बंदरातला उपचार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च, या तीन गोष्टी विम्यात आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. हे आधी झाले आणि आई-वडिलांना तसे सांगितले, तर त्यांच्या मनावरचे ओझे उतरते आणि तोंड उघडायला धीर येतो.

गोळ्यांचा डबा आणि बुफे

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा कर्मचारी ताब्यात घेतात आणि त्या खोलीत पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. त्यामुळे औषधे, इन्सुलिन, साखर मोजण्याचे यंत्र, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हे सगळे हातातल्या पिशवीत हवे. गोळ्या मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची मूळ नावे ठेवावीत. भारतातली व्यापारी नावे तिथल्या डॉक्टरला कळत नाहीत. सफरीपेक्षा किमान एक आठवडा जास्तीचा साठा घ्यावा. खोलीतला छोटा फ्रीज पुरेसा थंड होतोच असे नाही. इन्सुलिनसाठी योग्य फ्रीज किंवा झोपताना लागणाऱ्या श्वसनयंत्रासाठी सोय हवी असेल तर कंपनीला काही आठवडे आधी कळवावे. शाकाहारी, जैन किंवा कमी मिठाचे जेवणही आधी सांगितले तर मिळण्याची शक्यता वाढते.

दिवसभर खुला असलेला बुफे ही मधुमेह्याची खरी परीक्षा असते. त्यात चूक दोन्ही बाजूंनी होते. एक दिवस गोड जास्त होते. दुसऱ्या दिवशी बंदरावर चार तास पायपीट होते, जेवण लांबते आणि साखर उतरते. सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर, खजूर असे काहीतरी ठेवलेच पाहिजे. घाम, थरथर, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर आधी साखर द्यावी आणि मग चौकशी करावी.

हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णांना हॉटेलच्या पद्धतीच्या जेवणातले मीठ बाधते. सूप, चीज, सॉस यांतून ते नकळत पोटात जाते. पायांवर सूज, रात्री आडवे होताच दम लागणे, ही लक्षणे दिसली तर 'चालून चालून पाय सुजले' एवढ्यावर सोडू नये. गरम पाण्याच्या सामाईक टबांची निगा नीट राखली नाही तर त्यांत लिजनेला हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याने न्यूमोनिया होतो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी ते टब टाळलेले बरे.

किनाऱ्यावर पाय ठेवताना

जमैकाचे फॅलमाउथ बंदर पुण्याच्याच अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. अँटिग्वा बेट रत्नागिरीच्या अक्षांशावर आहे. म्हणजे ऊन आपल्या ओळखीचे. पण न्यू जर्सीच्या डिसेंबरातून विमानाने थेट तिथे उतरलेल्या कुटुंबाची कातडी त्या उन्हाला सरावलेली नसते. डेकवरच्या वाऱ्यामुळे उन्हाचा चटका जाणवत नाही. त्यात कोरडी वाळू आणि लाटांचा फेस अतिनील किरण परत फेकतात, म्हणून छत्रीखालीही त्वचा होरपळते. टोपी, सुती पूर्ण बाह्या, दर दोन तासांनी सनस्क्रीन आणि तहान लागण्याआधी पाणी, हे सावळ्या त्वचेलाही लागू आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास कॅरिबियन बेटांवरही आहे आणि तो दिवसा चावतो. तिथे चिकुनगुन्याची स्थानिक साथ डिसेंबर २०१३ मध्ये सेंट मार्टिन बेटापासून सुरू झाली आणि मग अमेरिका खंडात पसरली. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा डेंग्यू झालेल्याला पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात डेंग्यू होऊन गेलेल्या आपल्यासारख्यांनी म्हणून फेरफटक्याला निघताना डास पळवणारे मलम लावावेच. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्यावी. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन घेऊ नये. हृदयासाठी रोजची अॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना लगेच विचारावे. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य, ते अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावाने मिळते.

कोकण-गोव्याकडच्या मत्स्यप्रेमींसाठी एक वेगळी सूचना. प्रवाळांच्या आसपास वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवातून येणारे विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते. बॅराकुडा, आपल्या हेकरूच्या कुळातला ग्रूपर, तांबोशीच्या कुळातला स्नॅपर अशा माशांत ते सापडते. या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. मासा ताजा असला, नीट शिजवला, तळला, तरी हे विष जात नाही. त्याला चव आणि वासही नसतो. उलट्या-जुलाबांबरोबर हातापायांना, ओठांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. बॅराकुडा तर टाळावाच. मोठ्या प्रवाळी माशांचे डोके, काळीज, गाबोळीही खाऊ नये.

किनाऱ्यावर मँचिनीलची झाडे असतात. त्यांची फळे छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात. ती विषारी आहेत आणि झाडाच्या चिकाने अंगावर फोड येतात. पाऊस आला म्हणून या झाडाखाली आडोशालाही उभे राहू नये. नातवंडांना पडलेली फळे न उचलण्याची ताकीद उतरण्याआधीच द्यावी.

मुले, गर्भवती आणि वादळाचे दिवस

सर्वच जहाजांवर तलावाजवळ जीवरक्षक नसतात. इतकी माणसे आजूबाजूला असताना मुलाकडे कोणाचे तरी लक्ष असेलच, असे प्रत्येकाला वाटते आणि नेमके कोणाचेच नसते. मूल बुडताना ओरडत नाही, शांतपणे पाण्याखाली जाते. म्हणून पाळी लावावी. ठरलेल्या अर्ध्या तासात एका माणसाने हातात मोबाइल न घेता फक्त मुलांकडे पाहायचे. बाल्कनीत कठड्याजवळ खुर्ची ठेवू नये.

मोठ्या कंपन्या साधारणपणे सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतीला जहाजावर घेत नाहीत. वेळेआधी झालेले बाळंतपण सांभाळण्याची सोय समुद्रात नसते. गटातल्या सुनेने किंवा लेकीने ही माहिती संकोचाने लपवू नये आणि घरच्यांनी तिच्यावर 'एवढे काय होते' असा आग्रह करू नये.

कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो ऐन भरात असतो. मोठे जहाज सहसा वादळापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे ते वाट बदलून दूर राहते. पण मग बंदरे बदलतात, परतीला उशीर होऊ शकतो आणि जास्तीच्या गोळ्यांची गरज इथेच कळते.

पहिल्या दिवशीची सुरक्षेची तालीमही टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ही तालीम जहाज निघण्याआधी किंवा निघताच घेण्याचा नियम आला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे ठरलेल्या जागी जमायचे. ज्यांना कमी ऐकू येते किंवा जिने उतरता येत नाहीत, त्यांची नोंद जहाजाकडे आधी करावी.

निघण्याआधीचा करार

गटात निघण्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसून किंवा व्हिडिओ कॉलवर चार गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक वडीलधाऱ्याच्या नावाचा एक कागद करावा. त्यात आजार, औषधे व त्यांचे प्रमाण, अॅलर्जी, जुना ईसीजी, विम्याचा क्रमांक आणि डॉक्टरांचा फोन असावा. एका माणसाकडे आरोग्याची जबाबदारी द्यावी. पैसे आणि तिकिटे सांभाळणारा तोच नसला तर बरे. रोज सकाळी न्याहारीआधी त्याने प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: झोप झाली का, पोट ठीक आहे का, गोळ्या घेतल्या का. हे समोरासमोर विचारावे. 'सगळे ठीक ना?' असा संदेश गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला तर उत्तर अंगठ्याचेच येते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती मुलांनी आई-वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगितली पाहिजे. कोणी आजारी पडले तर एक बंदर पाहायचे राहील, एक संध्याकाळ खोलीत जाईल, थोडे पैसे जातील. त्याला आम्ही सहल बिघडली असे म्हणणार नाही. हे वाक्य आधी कानावर पडलेले असले, तर मध्यरात्री छातीत कसेसे होऊ लागलेल्या आईला मुलाच्या खोलीचा फोन फिरवताना संकोच वाटणार नाही.